महाराष्ट्रातील परंपरानिष्ठ राजकीय नियतकालिके आणि त्यांमागील माणसे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास मोठ्या प्रमाणावर संपादकांच्या चरित्रांच्या रूपाने लिहिला गेला आहे. सुधारणावादी, सत्यशोधक, समाजवादी व आंबेडकरी पत्रांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेले. त्यांच्या समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या परंपरानिष्ठ वा हिंदुत्ववादी पत्रांचा विचार मात्र बहुधा गौरवाच्या किंवा निषेधाच्या अंगानेच झालेला दिसतो. ही पत्रे कोणी काढली, पैसा कोठून आला, संपादकाला किती मोकळीक होती आणि पत्र कोणत्या वाचकासाठी लिहिले जात होते, हे प्रश्न त्यामुळे मागे पडले. प्रस्तुत लेखात १८७४ पासून आजपर्यंतच्या काही प्रमुख पत्रांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. लेखाच्या उत्तरार्धात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात असलेल्या खांडबारा परिसराच्या संदर्भात या पत्रांच्या वाचकवर्गाची मर्यादा तपासली आहे.

‘परंपरानिष्ठ’ या शब्दाचा अर्थ प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात हा शब्द प्रामुख्याने सामाजिक सुधारणेला, विशेषतः सरकारी कायद्याने होणाऱ्या सुधारणेला, असलेल्या विरोधाचा निदर्शक होता. विसाव्या शतकात त्याचे केंद्र हिंदू राष्ट्रवादाकडे सरकले. या दोन भूमिका एकाच माणसात असतातच असे नाही. राजकारणात जहाल व समाजकारणात सनातनी, किंवा राजकारणात हिंदुत्ववादी व समाजकारणात सुधारक, अशी दोन्ही प्रकारची माणसे या परंपरेत आढळतात. त्यामुळे एकाच शिक्क्याखाली सर्वांना बसविणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही.

निबंधमाला ते केसरी : संपादक हेच पत्र

या परंपरेचा आरंभ विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘निबंधमाले’पासून मानता येईल. १८७४ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाने इंग्रजी विद्या घेतलेल्या तरुणांच्या मनातील न्यूनगंडावर प्रहार केला. त्याच वेळी महात्मा फुले आणि त्यांच्या सत्यशोधक चळवळीवर उपहासात्मक टीकाही केली. स्वभाषा व स्वदेश यांविषयीचा अभिमान आणि ब्राह्मणेतर समाजाच्या न्याय्य तक्रारीविषयीची अनास्था या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदत होत्या. पुढील शतकभर या विचारधारेला या जोडीची सोडवणूक करावी लागली.

चिपळूणकर, टिळक, आगरकर व त्यांचे सहकारी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू केले. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर हे सुधारक होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. म्हणजेच हे पत्र जन्मतः परंपरानिष्ठ नव्हते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद वाढल्यावर १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले, संपादकत्व टिळकांकडे आले आणि १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाच्या वेळी ‘केसरी’ने परकीय सरकारला आमच्या धार्मिक आचारात हात घालण्याचा अधिकार नाही, अशी भूमिका घेतली. त्याच सुमारास टिळकांनी ही पत्रे त्यांवरील कर्जासह स्वतःकडे घेतली.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, पत्राची भूमिका संपादकाच्या बदलाबरोबर बदलली. दोन, भूमिकेची किंमत संपादकाने स्वतः मोजली. १८९७ मध्ये अठरा महिन्यांची व १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा टिळकांना झाली, ती ‘केसरी’तील लेखनामुळेच. संपादक, मालक आणि आरोपी ही तिन्ही नाती एकाच व्यक्तीत असल्यामुळे त्या काळातील वाचकाला पत्रामागे कोण आहे हे विचारण्याची गरज पडत नव्हती. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाल्यावर न. चिं. केळकर यांनी पत्राची धुरा वाहिली. पण गांधीयुगात ‘केसरी’ला पूर्वीचे नेतृत्व उरले नाही.

श्रद्धानंद आणि अग्रणी

सावरकरांची ६ जानेवारी १९२४ रोजी सुटका झाली, ती रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. स्वामी श्रद्धानंद यांची डिसेंबर १९२६ मध्ये हत्या झाल्यानंतर सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव सावरकर यांनी १९२७ मध्ये मुंबईत ‘श्रद्धानंद’ साप्ताहिक सुरू केले. निर्बंधांमुळे सावरकरांना त्यात उघडपणे राजकीय लेखन करता येत नव्हते. ते टोपणनावाने लिहीत. हिंदुसंघटनेचा आक्रमक पुरस्कार हे या साप्ताहिकाचे उद्दिष्ट होते. परंतु याच काळात सावरकर रत्नागिरीत अस्पृश्यतानिवारणाचे काम करीत होते, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले आणि ‘किर्लोस्कर’ मासिकातून त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध प्रसिद्ध होत होते. टिळकांच्या ‘केसरी’च्या तुलनेत येथे समीकरण उलटे झालेले दिसते. राजकीय भूमिका अधिक बंदिस्त झाली आणि सामाजिक भूमिका अधिक मोकळी झाली.

पुण्यात १९४४ मध्ये नथुराम गोडसे व नारायण आपटे यांनी ‘अग्रणी’ हे दैनिक सुरू केले. गोडसे संपादक व आपटे व्यवस्थापक होते. त्यासाठी सावरकरांकडून पंधरा हजार रुपयांची रक्कम मिळाली होती, हे गांधीहत्येच्या खटल्यात पुढे आले. सरकारने जामीन मागितल्यामुळे हे पत्र अडचणीत आले व १९४७ मध्ये ‘हिंदुराष्ट्र’ या नावाने निघू लागले. ३० जानेवारी १९४८ रोजी गोडसेने गांधीजींची हत्या केली आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी गोडसे व आपटे यांना फाशी देण्यात आली.

या पत्राचा उल्लेख टाळून परंपरानिष्ठ पत्रकारितेचा इतिहास पूर्ण होऊ शकत नाही. तसेच सर्व परंपरेचे सार या एकाच पत्रात शोधणेही न्याय्य नाही. मात्र एक बाब नोंदवणे अगत्याचे आहे. ‘अग्रणी’ला विरोधी मत ऐकून घेणारी मोठी संस्था, मंडळ वा व्यापक वाचकवर्ग यांचा आधार नव्हता. समविचारी माणसांच्या छोट्या गटाने स्वतःसाठीच लिहिलेले पत्र कोणत्या टोकापर्यंत जाऊ शकते, याचे ते भीषण उदाहरण आहे. हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात व नागपूर भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. लेखणीचा परिणाम लेखणीशी संबंध नसलेल्या कुटुंबांना भोगावा लागला.

नागपूरचा ‘तरुण भारत’ : संपादकाकडून संघटनेकडे

नागपुरात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. त्यापूर्वी १९२४ मध्ये निघालेल्या ‘स्वातंत्र्य’ या दैनिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. ते दैनिक अल्पावधीतच बंद पडले. त्यानंतर हेडगेवारांनी वृत्तपत्रापेक्षा दैनंदिन शाखेवर भर दिला. संघाची वाढ प्रारंभीच्या काळात छापील शब्दावर अवलंबून नव्हती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

आज संघविचाराचे दैनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपूर ‘तरुण भारत’ची मुळे मात्र वेगळ्या भूमीत आहेत. १९४४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या या दैनिकामागे नरकेसरी स्मारक मंडळ होते. ‘नरकेसरी’ ही उपाधी नागपूरचे काँग्रेस पुढारी बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर यांची. काँग्रेसच्या नेत्याच्या स्मरणार्थ निघालेले दैनिक पुढे संघविचाराच्या मंडळींकडे आले आणि प्रकाशनसंस्थेच्या नावात ‘नरकेसरी’ हा शब्द तसाच राहिला. मराठी वृत्तपत्रांच्या वैचारिक वंशावळी किती गुंतागुंतीच्या आहेत, याचा हा बोलका पुरावा होय.

संपादक ग. त्र्यं. माडखोलकर हे मुख्यतः कादंबरीकार व समीक्षक होते. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला. १९४८ च्या जाळपोळीची झळ त्यांनाही बसली. त्या अनुभवावर त्यांनी ‘एका निर्वासिताची कहाणी’ हे पुस्तक लिहिले. माडखोलकरांच्या काळात ‘तरुण भारत’ची ओळख प्रामुख्याने त्यांच्या अग्रलेखांमुळे होती. ते संघटनेने घडवलेले संपादक नव्हते.

त्यांच्यानंतरच्या पिढीचे प्रतिनिधी मा. गो. वैद्य. ते नागपूरच्या हिस्लॉप या मिशनरी महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९६६ मध्ये अध्यापन सोडून ते ‘तरुण भारत’मध्ये आले व पुढे संपादक झाले. १९७८ ते १९८४ या काळात ते विधान परिषदेचे सदस्य होते आणि नंतर संघाचे पहिले प्रवक्ते झाले. १९ डिसेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. एकाच व्यक्तीने प्राध्यापक, संपादक, आमदार व संघटनेचा प्रवक्ता या भूमिका पार पाडल्या. टिळकांच्या बाबतीत पत्रातून चळवळ उभी राहिली. वैद्यांच्या बाबतीत चळवळीने पत्राला माणूस दिला. या बदलामुळे पत्राला स्थैर्य लाभले. संपादक निवृत्त झाला, तुरुंगात गेला वा मरण पावला तरी पत्र टिकू लागले. परंतु संपादकाचे स्वतःचे मत आणि संघटनेचे मत यांत अंतर पडल्यास काय करायचे, हा नवा प्रश्नही त्याबरोबर आला.

साप्ताहिकांची दोन रूपे

हाच प्रश्न साप्ताहिकांच्या क्षेत्रात अधिक स्पष्टपणे दिसतो. मुंबईहून निघणारे ‘विवेक’ हे साप्ताहिक स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभापासून संघपरिवाराचे मराठी मुखपत्र म्हणून वाढले. पुण्यात श्री. ग. माजगावकर यांनी १९६१ मध्ये ‘माणूस’ सुरू केले. माजगावकरांची जडणघडण संघाच्या वातावरणात झाली होती. तरी अरुण साधू यांच्यासारख्या लेखकाची साम्यवादी क्रांतीवरील लेखमाला याच साप्ताहिकात आली. ग. वा. बेहेरे यांचे ‘सोबत’ १९६६ पासून पुण्यातूनच निघू लागले. ते हिंदुत्ववादी होते, पण कोणत्याही संघटनेपेक्षा बेहेऱ्यांच्या तिखट लेखणीवर चालत होते.

‘माणूस’ व ‘सोबत’ ही दोन्ही साप्ताहिके आपापल्या संपादकांशी इतकी एकरूप झाली होती की, त्या संपादकांनंतर ती चालू राहिली नाहीत. ‘विवेक’ टिकले, कारण त्यामागे व्यक्तीऐवजी संस्था होती. संस्थेच्या पत्रातही वैचारिक बदल घडू शकतो, याचेही उदाहरण ‘विवेक’च देते. मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचे कोणत्याही आधारे समर्थन होऊ शकत नाही अशी निःसंदिग्ध भूमिका मांडली. १४ एप्रिल १९८३ रोजी सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. त्या कामातून पुढे आलेले रमेश पतंगे दीर्घकाळ ‘विवेक’चे संपादक होते. ‘मी, मनु आणि संघ’ या त्यांच्या पुस्तकात अनभिजन समाजातून आलेल्या स्वयंसेवकाच्या दृष्टीने जातिप्रश्नाचा विचार आहे. ‘निबंधमाले’त फुल्यांची टिंगल झाली होती; शंभर वर्षांनी त्याच परंपरेतील पत्राला फुले व आंबेडकर यांच्याविषयी आदराने लिहावे लागले. हा बदल मनापासूनचा की राजकीय गरजेचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद संभवतात. दोन्ही कारणे एकत्र असण्याची शक्यता अधिक. कसेही असले तरी पत्रामागील माणसांची सामाजिक पार्श्वभूमी बदलली तेव्हाच पत्राची भाषा बदलली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

मार्मिक आणि सामना

या सर्वांपासून वेगळी वाट १३ ऑगस्ट १९६० रोजी निघालेल्या ‘मार्मिक’ची होय. बाळ ठाकरे व श्रीकांत ठाकरे या व्यंगचित्रकार बंधूंच्या या साप्ताहिकाचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. त्यांचे वडील प्रबोधनकार ठाकरे हे भिक्षुकशाहीचे कडवे टीकाकार होते. म्हणजे ‘मार्मिक’चा वारसा पुण्याच्या परंपरेचा नव्हता. मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न या साप्ताहिकाने लावून धरला आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. येथे पत्रातून पक्ष जन्मला. हिंदुत्वाचा उघड पुरस्कार शिवसेनेने १९८० च्या दशकात केला आणि १९८८ मध्ये ‘सामना’ दैनिक निघाले.

याच दशकांतील नामांतराचा प्रश्न उद्बोधक आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. शिवसेनेने नामांतराला प्रखर विरोध केला. ब्राह्मणेतर सुधारकाच्या वारशातून आलेले पत्र दलितांच्या मागणीच्या विरोधात गेले आणि ब्राह्मणी म्हणून गणली गेलेली संघपरंपरा त्याच काळात समरसतेची भाषा बोलू लागली. वारसा आणि भूमिका यांचे नाते सरळ नसते, हे यातून दिसते. २०१९ नंतर ‘सामना’ भारतीय जनता पक्षाचा कठोर टीकाकार झाला. दोन हिंदुत्ववादी पत्रे परस्परांच्या विरोधात उभी राहिल्यामुळे ‘उजवे पत्र’ हा शिक्का आणखी अपुरा ठरला.

खांडबारा परिसराच्या संदर्भात

आतापर्यंत उल्लेखिलेल्या पत्रांची स्थळे पाहिली तर ती पुणे, मुंबई व नागपूर अशी आहेत. या पत्रांची निर्मिती, वाचन आणि प्रतिवाद बहुतांशी त्याच शहरांत झाला. खांडबारा हे गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. जवळचे नवापूर रेल्वेस्थानक महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत विभागलेले आहे. या भागात मावची, भिल्ली, कोकणी, अहिराणी व गुजराती या बोली-भाषा बोलल्या जातात; प्रमाण मराठी ही शाळेची व कचेरीची भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के व साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. पुण्याच्या साप्ताहिकातील संस्कृतप्रचुर अग्रलेख येथील बहुसंख्य माणसांसाठी लिहिलेला नव्हता, हे उघड आहे.

म्हणूनच या भागात परंपरानिष्ठ विचाराचा प्रवेश छापील शब्दाद्वारे झाला नाही. अमरावतीत जन्मलेल्या बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रम स्थापन केला आणि पुढे महाराष्ट्रातही वसतिगृहे, शाळा व आरोग्यसेवा यांच्या रूपाने हे काम पसरले. त्याच प्रदेशात ख्रिस्ती मिशनचे कार्य आधीपासून होते. खांडबाऱ्यापासून जवळच असलेल्या चिंचपाड्याचे मिशन रुग्णालय त्याचे परिचित उदाहरण. लगतच्या डांग जिल्ह्यात १९९८ मध्ये ख्रिस्ती प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले व फेब्रुवारी २००६ मध्ये शबरी कुंभ भरला. अशा प्रसंगी हा टापू शहरी पत्रांच्या चर्चेचा विषय झाला. परंतु चर्चेचा विषय होणे आणि चर्चेतला सहभागी होणे यांत मोठे अंतर आहे. ‘वनवासी’ की ‘आदिवासी’ हा वाद केवळ शब्दाचा नाही. आपले नाव कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यामागे आहे आणि तो ज्यांच्याविषयी आहे त्यांतील फारच थोडी माणसे त्या संपादकीय मेजावर होती. येथे हेही नमूद केले पाहिजे की, ही उणीव केवळ परंपरानिष्ठ पत्रांची नव्हती; शहरी पुरोगामी पत्रांनाही ती मोठ्या प्रमाणात लागू पडते.

निवडणुकांचा पुरावाही याच दिशेने जातो. नवापूर तालुक्यातील माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा काँग्रेसतर्फे नंदुरबारमधून लोकसभेवर निवडून आले. २०१४ मध्ये डॉ. हिना गावित यांनी त्यांचा पराभव केला व हा मतदारसंघ प्रथमच भारतीय जनता पक्षाकडे गेला. त्यांचे वडील डॉ. विजयकुमार गावित हे आधी राष्ट्रवादी काँग्रेसचे मंत्री होते. २०१९ मध्ये डॉ. हिना गावित पुन्हा विजयी झाल्या, तर २०२४ मध्ये काँग्रेसचे गोवाल पाडवी निवडून आले. नवापूर विधानसभा मतदारसंघ २०१४, २०१९ व २०२४ या तिन्ही निवडणुकांत काँग्रेसकडेच राहिला. नेतृत्व, घराणी व स्थानिक संघटना यांचे बळ येथे निर्णायक दिसते. अग्रलेखांनी मत बदलल्याची खूण दिसत नाही. हेडगेवारांनी दैनिक बंद पडल्यावर शाखेला दिलेले प्राधान्य अशा प्रदेशाच्या संदर्भात अधिक अर्थपूर्ण वाटते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. महाराष्ट्रातील परंपरानिष्ठ राजकीय पत्रांचा वारसा एकसंध नाही. ‘केसरी’चा पहिला संपादक सुधारक होता, ‘तरुण भारत’च्या मुळाशी काँग्रेस नेत्याचे स्मारक होते आणि ‘मार्मिक’मागे भिक्षुकशाहीविरोधी परंपरा होती.

२. पत्राची सत्ता संपादक-मालकाकडून क्रमाने संघटनेकडे व पक्षाकडे गेली. त्यामुळे पत्रे दीर्घायुषी झाली. परंतु अग्रलेखाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे वाचकाला पूर्वीइतके स्पष्ट राहिले नाही. टिळकांच्या अग्रलेखाची शिक्षा टिळकांनी भोगली. संस्थेच्या अग्रलेखाबाबत असे उत्तरदायित्व शोधावे लागते.

३. पत्राच्या सामाजिक भूमिकेत खरा बदल घडला तो त्यामागील माणसांचे सामाजिक स्तर विस्तारले तेव्हा. ‘निबंधमाला’ ते ‘विवेक’ हा प्रवास त्याचा पुरावा होय. आदिवासी समाजाबाबत असा विस्तार अत्यल्प झाला.

४. खांडबाऱ्यासारख्या परिसरात राजकीय मत घडवण्याचे काम वृत्तपत्रापेक्षा वसतिगृह, दवाखाना, बाजार, नातेसंबंध व स्थानिक नेतृत्व यांनी केले. म्हणून केवळ वृत्तपत्रांच्या संचिकांवरून महाराष्ट्राच्या राजकीय विचाराचा इतिहास लिहिल्यास तो काही शहरांचाच इतिहास ठरतो.

महाविद्यालयीन अध्यापनात वृत्तपत्रे साधन म्हणून वापरताना अग्रलेखातील मतापाशी थांबून चालत नाही. पत्राचा मालक कोण, कर्ज कोणाचे, संपादकाची नेमणूक कोणी केली, वाचक कोण आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला उत्तर देण्याची सोय होती काय, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला शोधावयास लावली पाहिजेत. परंपरानिष्ठ पत्रांना लावलेली ही कसोटी इतर सर्व विचारांच्या पत्रांनाही तितक्याच काटेकोरपणे लावणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.